सोमवारचा बर्फ

जाफरभाईंचा फोन आला तेव्हा मी खिचडीसाठी शेंगदाणे भाजत होते. सोमवार होता. आमच्या घरात सोमवार दोन गोष्टींचा, माझ्या उपवासाचा आणि वैशालीच्या गटाराचा. वैशाली माझी धाकटी जाऊ. बारामतीतल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची आणि दर सोमवारी सकाळी गावाबाहेरच्या मैलापाणी केंद्रावर जाऊन साऱ्या गावाच्या सांडपाण्याची बाटली भरून आणायची. जाफरभाई त्या केंद्रावर पंप चालवतात. ते मला कधी फोन करत नाहीत. "वहिनी," ते म्हणाले, "बाई खुर्चीवर बसल्यात, पन उठंनात. तुमी या. कुनाला तरी घिऊन या." मागे पंपाची घरघर चालू होती. मी विचारलं, बोलतीये का? तर म्हणाले, "मगाशी बोलल्या की. लई घाम आला व्हता, म्हून मी इचारलं, बाई, बरं न्हाय का वाटत? तर म्हनल्या, काय न्हाय होत, जाफरभाई, बाटली तेवडी बर्फात ठिवा..."

आम्ही पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. पांढरा कोट अंगात, रबरी हातमोजे काढून मांडीवर नीट ठेवलेले, मान जरा भिंतीकडे. तिला बघून रडायचं सोडून मी तिच्या पायातले गमबूट काढायला लागले, कारण त्या बुटांनी ती घरात आलेली मला चालत नसे. माझ्या धाकट्या दिरांनी, विलासरावांनी, माझा हात धरला. पण खरं सांगते, पुढचे कितीतरी दिवस माझं मन तिच्या जाण्यापेक्षा जाफरभाईंच्या एका वाक्यावर अडून बसलं होतं. ते चुकीचं ऐकलं असणार, असंच मला वाटत होतं. 'काय न्हाय होत' हे आपल्याकडं पोर पडलं, दूध नासलं, परीक्षा बुडाली, कशालाही म्हणतात. पण वैशाली गेली काही वर्षं हे शब्द तोंडातून काढत नव्हती. तिनं ते टाकूनच दिले होते. मग अगदी शेवटी ते कुठून आले?

ती इंदापूरची. लग्न होऊन आली तेव्हा माझी कऱ्हाटीच्या शाळेत नोकरी चालू होती आणि घर माझ्या हातात होतं. तिला स्वयंपाक बेताचाच यायचा. भाकरी थापायला बसली की परातीत महाराष्ट्राचा नकाशा उमटायचा आणि मी म्हणायचे, कोकण जरा जास्त झालं बघ. ती हसायची, रागवायची नाही. आमचं खरं भांडण झालं ते बर्फावरून. करोनाची धामधूम सरल्यावर तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेकडं गावाच्या सांडपाण्यातले विषाणू तपासायचं काम आलं. बाटली भरल्यावर ती गार राहिली पाहिजे, आणि केंद्रावर भल्या सकाळी घरूनच जायचं, म्हणून तिनं त्या निळ्या बर्फाच्या थैल्या, आत औषधासारखं काहीतरी गोठतं त्या, माझ्या फ्रीजमध्ये आणून ठेवल्या. माझ्या खोवलेल्या नारळाच्या डब्याला चिकटून! मी घर डोक्यावर घेतलं. "गटारीच्या बाटलीला लावून आणलेलं ह्ये माझ्या खोबऱ्याला लावतीस?" ती शांतपणे म्हणाली, "आक्का, ब्लीचिंगनं धुतल्यात. तुमच्या हातापेक्षा स्वच्छ हायेत." यावर मी दोन दिवस बोलले नाही. शेवटी तह झाला. थैल्यांना झाकणाचा वेगळा स्टीलचा डबा, डब्याला लाल दोरा, आणि नमुना घेऊन आल्यावर मागच्या दारानं सरळ मोरीत. मी तिथं गरम पाण्याची बादली ठेवायचे. अंघोळ करून ती केस पुसत यायची आणि माझ्या उपवासाच्या खिचडीत वाटेकरी व्हायची, स्वतःचा उपवास नसताना.

खाताना ती जे बोलायची ते जेवताना बोलायचं नसतं, हे तिला कधी कळलं नाही. पण तिच्यामुळंच मला ते काम समजलं. माणूस आजारी पडायच्या आधीपासून आजाराचे विषाणू पोटातून बाहेर पडायला लागतात. कुणी दवाखान्यात जातं, कुणी जात नाही, कुणी मेडिकलमधून गोळी आणून गप्प बसतं. पण सगळ्यांच्या मोरीचं आणि संडासाचं पाणी शेवटी एकाच ठिकाणी येतं. ते तपासलं की दवाखान्यात गर्दी व्हायच्या आधी कळतं, गावात काय आलंय. "आजार लपवता येतो, आक्का," ती घास घेत म्हणायची, "संडास न्हाय लपवता येत." आमचे हे ताटावरून उठून जायचे. मी विचारायचे, मग कुणाला झालंय तेही कळत असेल? त्यावर ती मान हलवायची. गावात आहे एवढं पाणी सांगतं, कुणाला आहे ते सांगत नाही. हे तिनं मला इतक्या वेळा सांगितलं, पण त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

हे काम सुरू झालं त्याच वर्षी आमची लेक पूनम पहिल्या बाळंतपणाला आली. सातवा लागल्यावर इंदापूरला तिच्या सासरहून ओटी भरून, वाजतगाजत म्हणावं तशी आम्ही तिला आणली. पहिलं बाळंतपण माहेरीच, त्यात दुमत असायचं कारण नव्हतं. आमच्या गल्लीत दोन घरं सोडून अश्विनी भाड्यानं राहायची. तिला आठवा चालू होता. तिचा नवरा संतोष लोणी देवकरला कंपनीत, माहेर सुप्याकडचं, पण आई नव्हती. भावजयीच्या दारात कुठं जायचं म्हणून ती बारामतीतच बाळंत होणार होती. पूनम आल्या दिवसापासून या दोघी आमच्या मागच्या पायरीवर बसून चिंचा खात. अश्विनीला हसू आलं की थांबता यायचं नाही. पोट धरून म्हणायची, "काकू, हसवू नका, ह्ये आतनं लाथा मारतंय." मी तिलाही माझ्या हातचे डिंकाचे लाडू द्यायचे. आईविना पोर, एवढंच माझ्या मनात असायचं.

पूनमला येऊन दोन-तीन दिवस झाले असतील. वैशाली संध्याकाळी कॉलेजातून आली आणि चपला न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिचा चेहरा बघून मी गॅस बंद केला. "आक्का, पूनमला आजच्या आज इंदापूरला पाठवा," ती म्हणाली. मला आधी राग आला. ओटी भरून आणलेली लेक बाळंत न होता परत पाठवायची? असं कुणी ऐकलंय का? "डोकं फिरलंय का तुझं? विहीणबाई काय म्हणतील?" मी म्हटलं. मग तिनं सांगितलं. गावच्या पाण्यात काविळीचा विषाणू दिसला होता, म्हणून तिनं आमच्या भागाच्या गटाराच्या चेंबरमधून वेगळी बाटली भरली होती. तो तिथंच होता, भरपूर होता. नळाच्या पाण्यात कुठंतरी गटार मिसळत असणार. "साधी कावीळ आपल्याला हुईल आन् बरी हुईल," ती म्हणाली, "पण ही जात वेगळी हाय. पोटुशी बाईला धरली तर..." मी म्हटलं, मग सगळ्या गल्लीला सांग की! तर वरून निरोप होता म्हणे, दुसरा नमुना तपासल्याशिवाय बाहेर बोलायचं नाही, लोक घाबरतील. "आन् आपल्याला कसं सांगितलंस?" मी विचारलं. ती पूनमची बॅग भरायला लागली.

पूनम त्याच संध्याकाळी गेली. गल्लीत मी सांगितलं, सासरी पूजा निघालीय. विहीणबाईंनी फोनवर टोमणा मारलाच, "बाळंतपण झेपंना व्हय ओ?" तोही मी गिळला, कारण वैशालीचा तो चेहरा माझ्यासमोर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वरचा निरोप गुंडाळून ठेवला आणि दारोदार जाऊन सांगितलं, पाणी उकळा. पाहुणे आले तरी उकळा, भांडी धुवायलाही उकळलेलंच घ्या. काही लोक भडकले. आमच्या गल्लीचं नाव खराब करता का, म्हणाले. एकानं तर गटारवाली बाई म्हणून हाकही मारली. दुसरा नमुनाही तेच बोलला. मग रस्ता खोदला गेला आणि गल्लीतल्याच एका घराचा जुना, कुजलेला जोडणीचा पाइप गटारीत बुडालेला सापडला. तो बदलला. सगळे म्हणाले, बरं झालं, वेळेत कळलं.

पण तो आजार अंगात शिरला की बरेच आठवडे दबा धरून बसतो, हे वैशालीला माहीत होतं. पूनमनं दोन-तीन दिवस का होईना, ते पाणी प्यायलं होतं. म्हणून रोज सकाळी पूनम आपल्या डोळ्यांचा फोटो काढून तिला पाठवायची. वैशाली तो फोन खिडकीशी नेऊन, मोठा करून, बुबुळाभोवतीच्या पांढऱ्यात कुठं पिवळं दिसतंय का ते बघायची. मी तिच्या तोंडाकडं बघत उभी. ती "हं" म्हणाली की मी चहा टाकायचे. पूनमचे डोळे पांढरेच राहिले. अश्विनीचे पिवळे झाले. आधी नुसती मळमळ, मग ताप, मग एकदम सगळं बिघडलं. तिला पुण्याला हलवलं. ती परत आली नाही, बाळही आलं नाही. आमच्या मागच्या पायरीवर चिंचोके तसेच पडलेले होते, ते झाडायला मला हात उचलवेना. पुढं पूनम इंदापुरात सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली, ईरा. पेढे वाटायची मला गल्लीत लाज वाटली. मी वाटले नाहीत.

त्यानंतरची वैशाली वेगळीच होती. कामात फरक नाही, उलट दर सोमवारी अर्धा तास आधी निघायची. पण घरात असून नसल्यासारखी. ईरा मोठी होत गेली, सुट्टीला आली की 'काकीआजी' करत हिच्यामागं धावायची. वैशाली तिला उचलून घ्यायची आणि तिच्या खांद्यावरून मागच्या पायरीकडं बघत राहायची. मला वाटायचं, हिला आपल्या घरच्यांना आधी सांगितल्याचं खातंय. आपलीच पुतणी वाचवली, दुसऱ्याची लेक गेली. खरं तर तिनं आम्हाला आधी सांगितलं या विचारानं मी मनातल्या मनात सुखावलेही होते, गल्लीला एका रात्रीनं उशिरा कळलं तर असा काय फरक पडतो म्हणून. तिला एकदा मी तेच समजावलं. म्हटलं, तूच सांगतेस ना, आजार कितीतरी आधी शिरलेला असतो, मग तू बाटली भरलीस तेव्हाच अश्विनीच्या अंगात होता तो. "माहीत हाय मला, आक्का," ती म्हणाली. "मीच शिकवते ते." आणि ताट घेऊन उठली.

तेव्हापासून तिनं ते शब्द सोडले. आम्हाला आधी कळलंही नाही. पूनमनं हेरलं. ईरा चालायला शिकत होती, धपकन पडायची. आपण सगळे पटकन म्हणतो, काय न्हाय होत, काय न्हाय होत, उठा! वैशाली मात्र खाली बसायची, गुडघा नीट बघायची, म्हणायची, "दाखव. बघू दे आधी." पूनम हसून म्हणाली, "काकू, नुसतं काय न्हाय होत म्हणा की. तिला तेवढंच पुरतं." वैशालीनं तिच्याकडं एकदा बघितलं आणि परत ईराचा गुडघा बघायला लागली. विलासरावांना ऑपरेशनला आत नेत होते तेव्हाही त्यांनी विचारलं, "काय होणार न्हाय ना गं?" बायको म्हणून दुसरं कुणीही हो म्हटलं असतं. ही म्हणाली, "मी हितंच बसलेय." मला तेव्हा तिचा भयंकर राग आला होता. बाई माणसानं एवढं कोरडं असू नये, असं मी तोंडावर म्हटलं.

एकदा तिला डबा द्यायला मी कॉलेजात गेले. तिनं मला प्रयोगशाळेतला तो मोठा फ्रीज दाखवला. उघडला की आतून पांढरी वाफ येते आणि हात आत घालायला जाड मोजे लागतात. तपासून झालं तरी प्रत्येक आठवड्याचं थोडं पाणी तिथं गोठवून ठेवतात, पुढं कधी काही नवीन शोधायचं झालं तर. छोट्या छोट्या कुप्या, ओळीनं. मी म्हटलं, गावची घाण जपून ठेवलीस की. ती हसली नाही. तिनं न शोधता एका कुपीवर बोट ठेवलं. "ह्ये त्या आठवड्याचं पाणी, आपल्या चेंबरचं, आक्का. ह्यात तुमी हाय, मी हाय, पूनम हाय..." मग म्हणाली, "अश्विनी हाय ह्यात. अजून." मी म्हटलं, झाक ते. तिनं झाकलं. पण ती एकटी असताना तो फ्रीज उघडून बघत असणार, याबद्दल मला शंका नाही.

वैशालीच्या तेराव्यानंतर माणसं यायची थांबली होती. एका दुपारी दारात मोटारसायकल थांबली. संतोष. तो गल्ली सोडून लोणी देवकरलाच राहायला गेला होता, मी त्याला तेव्हापासून बघितलं नव्हतं. केस पिकलेले. "काकू, भेटाया आलो," म्हणाला आणि वैशालीच्या फोटोसमोर खाली बसला. मी पाणी दिलं. त्यानं तांब्या हातातच धरून ठेवला. मग म्हणाला, "त्या दिशी बाई आदी आमच्याकडं आल्या व्हत्या. सांजच्याला. मी रातपाळीचा, घरीच व्हतो." मला कळेना, कुठल्या दिवशी. "पाण्यात कावीळ घावली त्या दिशी," तो म्हणाला. कॉलेजातून निघून वैशाली आधी त्यांच्या दारात गेली होती. आमच्याही आधी. पाणी उकळून प्या, आणि जमलं तर अश्विनीला थोडे दिवस सुप्याला ठेवा, असं सांगितलं होतं. ऐकून अश्विनीनं रडायला सुरुवात केली. बाई, माझ्या बाळाला काय हुईल का, म्हणून तिनं वैशालीचे दोन्ही हात धरले.

"मग बाईंनी तिच्या डोक्यावरनं हात फिरवला," संतोष म्हणाला, "आन् म्हनल्या, काय न्हाय होत गं. काय न्हाय होत."

तेवढ्या शब्दांवर ते सुप्याला गेले नाहीत. पाणी मात्र शेवटच्या घोटापर्यंत उकळून प्यायले. मी त्याच्याकडं बघू शकत नव्हते. आता हा वैशालीला बोल लावणार आणि तिच्या फोटोसमोर मला ते ऐकून घ्यावं लागणार, असं वाटलं. पण तो म्हणाला, "डाक्टर म्हनले, रोग पयलाच आत शिरला व्हता. सुप्याला काय अन् काशीला काय. त्ये मला पटलं, काकू. पन पुन्याला तिला लई तरास झाला. भान यायचं-जायचं. भान आलं की मला म्हनायची, बाई म्हनल्यात न्हवं, काय न्हाय होत... मला धीर द्यायची ओ ती. त्याच शब्दावर ती शेवटपतुर व्हती. भ्याली न्हाय." त्यानं तांब्यातलं पाणी एका दमात प्यायलं. "ह्ये मला बाईंना सांगायचं व्हतं. दोनदा-तीनदा बाजारात दिसल्या. पन मला बघितलं की त्या वाट बदलायच्या. मला वाटलं, जाऊ दे, सांगू कवातरी..."

तो गेल्यावर मी फोटोसमोर बसून तिला खूप बोलले. एवढी वर्षं एका घरात, एका चुलीवर, आणि मला सांगता आलं नाही तुला? मी काय तुला फाडून खाल्लं असतं? नुसतं थांबली असतीस बाजारात, भाजीची पिशवी खाली ठेवून, तो काय म्हणतोय एवढं ऐकलं असतंस... गावातल्या प्रत्येक संडासाचं ऐकणारी बाई, या एका माणसाचं तेवढं ऐकायला घाबरली. रडून झाल्यावर मी जाफरभाईंना फोन केला आणि पुन्हा विचारलं, ती नक्की काय म्हणाली होती? ते जरा दुखावले. "वहिनी, माजे कान पंपानं गेलेत, पन येवडं न्हाय. मी लई घाबरलो व्हतो. म्हून मला म्हनल्या त्या." त्यांना धीर द्यायला. म्हणजे त्यांनी बरोबर ऐकलं होतं. त्या दिवशीची तिची बाटलीही त्यांनी बर्फात ठेवून कॉलेजात पोचवली, बाई रागावतील म्हणून. ती तपासली गेली. पाण्यात काही नव्हतं म्हणे. तिचंही थोडं पाणी आता त्या फ्रीजमध्ये ओळीनं उभं असेल, आणि त्या सकाळी ती आमच्याच मोरीत तोंड धुऊन निघाली होती. मी ते बघायला जाणार नाही. पण फरशी धुताना मोरीत पाणी गोल फिरून खाली जातं तेव्हा माझा हात थांबतो. वाटतं, ही तिकडं ऐकत असेल.

तिच्या जागी आलेली नवी शिक्षिका बर्फाच्या थैल्या न्यायला आली होती. लाल दोऱ्याचा डबा मी तिला दिला. एक थैली काढून ठेवली, का ते तिनं विचारलं नाही. परवा पूनम ईराला घेऊन आली. सोमवारच होता. खिचडी होते तोवर पोरगी मागच्या पायरीवरून धडपडली आणि गुडघा फोडून घेतला. मी धावले. फ्रीज उघडून ती निळी थैली काढली, जिला मी माझ्या खोबऱ्याजवळ फिरकू दिलं नव्हतं, आणि पदरात गुंडाळून नातीच्या गुडघ्यावर धरली. तोंडात ते शब्द आले आणि तिथंच अडकले. म्हणावेत की म्हणू नयेत, मला ठरवता येईना, आणि माझेच डोळे वाहायला लागले. ईरा रडायची थांबली. तिनं आपला गुडघा बघितला, मग माझं तोंड बघितलं आणि मातीचा हात माझ्या गालावर ठेवून म्हणाली, "रडू नको आजी. काय न्हाय होत."

"व्हय," मी म्हटलं.

मग तिच्या गुडघ्याला हळद लावली, थैली पुसली आणि पुन्हा फ्रीजमध्ये ठेवून दिली, नारळाच्या डब्याला चिकटून.